लाईनी जिन्यासारख्या का उतरतात : सोलारिसवरचे प्रिंटर कप्सवर नेताना

प्रश्न : नमस्कार सर, मी एका दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात आहे, विभाग म्हणजे मी आणि एक ऑपरेटर. जुना सर्व्हर सोलारिस १० वर (जुनी युनिक्स सिस्टीम) आहे, आता सगळं नव्या लिनक्स सर्व्हरवर न्यायचंय आणि तिथे प्रिंटिंगला कप्स (छपाई सांभाळणारा प्रोग्राम) आहे. एकूण ३४ नेटवर्क प्रिंटर, त्यातले ९ डॉट मॅट्रिक्स, त्यांच्यावर दर दहा दिवसांची दूधबिलं निघतात. यादी काढायला एलपीस्टॅट -व्ही ही कमांड मारली तर सगळ्यांपुढे /डेव्ह/नल येतंय, आयपी कुठंच नाही, आणि ज्यांनी हे बसवलं ते रिटायर झालेत. नव्या सर्व्हरवरून टेस्टला एक बिल काढलं तर लाईनी जिन्यासारख्या तिरक्या उतरत गेल्या, अक्षरं पण एवढी मोठी की निम्मं बिल पुढच्या लाईनीवर. प्रिंटर बिघडलाय का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : प्रिंटर ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. बिल नीट निघायला जे लागत होतं ते जुन्या सर्व्हरवरच राहिलंय, ते आधी शोधू.

पहिलं /डेव्ह/नलचं, म्हणजे काहीही पाठवलं तरी गिळून टाकणाऱ्या रिकाम्या डिव्हाइसचं. सोलारिसमध्ये नेटवर्क प्रिंटर नेटस्टँडर्ड नावाच्या स्क्रिप्टने चालतो आणि डिव्हाइसच्या जागी नुसतं नाव लागतं म्हणून /डेव्ह/नल टाकतात. खरा पत्ता /ईटीसी/एलपी/प्रिंटर्स मध्ये, प्रत्येक प्रिंटरच्या नावाच्या फोल्डरात कॉन्फिगरेशन नावाची फाईल असते तिच्यात, ऑप्शन्सच्या लाईनीत डेस्ट म्हणून लिहिलेला सापडेल, आणि शेजारी प्रोटोकॉल, म्हणजे प्रिंटरशी बोलायची पद्धत. प्रोटोकॉल टीसीपी असेल तर बहुतेक पोर्ट ९१०० असतो, कप्समध्ये तो सॉकेट होतो. बीएसडी असेल तर जुनं एलपीडी, पोर्ट ५१५, आणि तिथे आयपीबरोबर क्यूचं (जॉब थांबतात त्या रांगेचं) नावही लागतं, ते विसरलात तर जॉब गेल्यासारखा दिसतो पण कागद काही येत नाही.

आता जिना. युनिक्सच्या फाईलमध्ये लाईन संपली की फक्त लाईनफीड असतं, म्हणजे कागद एक लाईन वर सरकतो पण प्रिंटरचं हेड आहे तिथेच राहतं, त्याला डावीकडे परत आणायला कॅरेज रिटर्न लागतं. सोलारिसवरची स्क्रिप्ट ते वाटेत घालत होती. अक्षरं बारीक करणारा कोड, एप्सनच्या भाषेत १५ नंबरचा, तोसुद्धा तिथेच कुठेतरी कुणीतरी हाताने घातला असणार, आणि १२ इंची कंटिन्युअस कागदाला ७२ लाईनींचं पान सांगणारा कोडही. तुम्ही नव्या सर्व्हरवर नाव आणि आयपी नेलंत, हे कोड मागे राहिले.

ते शोधायला /ईटीसी/एलपी/इंटरफेसेस मध्ये जा, तिथे प्रत्येक प्रिंटरच्या नावाची स्क्रिप्ट आहे. ३४ स्क्रिप्ट वाचत बसू नका, प्रत्येकीचा मूळ नेटस्टँडर्डशी डिफ (दोन फाईलींतला फरक) काढा. ज्यांच्यात फरक नाही त्या सोडून द्या, ज्यांच्यात फरक दिसेल त्या मात्र लाईन न् लाईन वाचा. मी एका ऑफिसात हे न करता नुसती नावं-आयपी हलवली होती, संध्याकाळपर्यंत सगळं चालू झालं म्हणून घरी आलो आणि पगारपत्रकं छापायच्या दिवशी तिथली माणसं रात्री साडेअकरापर्यंत माझ्यामुळे बसली, ते मला अजून लागतं, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

ती जुनी स्क्रिप्ट उचलून कप्सला लावता येईल का, तर नाही. नव्या कप्सने सुरक्षेसाठी इंटरफेस स्क्रिप्ट बंदच केल्यात. माझं मत, बिलांसाठी एक छोटी वेगळी स्क्रिप्ट करा, ती आधी कोड पाठवेल, मग फाईलमध्ये कॅरेज रिटर्न घालेल आणि ते सगळं एलपीला (छपाईला पाठवणारी कमांड) रॉ म्हणून, म्हणजे कप्सने काही न बदलता जसंच्या तसं पुढे पाठवायचं म्हणून, देईल. रॉ क्यू बनवताना कप्स वॉर्निंग देईल की हे पुढच्या व्हर्जनमध्ये बंद होणार आहे, ती खरी आहे, पण कप्स २.४ वर चालतं. आणि कोड तुमच्याच स्क्रिप्टमध्ये असले की उद्या रॉ गेलं तरी फक्त शेवटची एक लाईन बदलावी लागेल.

नावांचं एक बघा, कप्स प्रिंटरच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरत नाही. सोलारिसवर कॅपिटलमध्ये एक आणि स्मॉलमध्ये त्याच नावाचा दुसरा असेल तर आधी एकाचं नाव बदला, नाहीतर एकाची बिलं दुसऱ्यावर निघतील. शिवाय कप्स प्रिंटरपर्यंत पोचलं नाही की पुष्कळ ठिकाणी ती क्यूच थांबवून ठेवतं, प्रिंटर परत आला तरी ती तशीच राहते, आणि संकलन केंद्रावर लाईट जाणं काही नवीन नाही, म्हणून सगळ्या क्यूंना एरर पॉलिसी रिट्राय-जॉब लावा, म्हणजे तोच जॉब परत परत पाठवून बघितला जाईल.

एका रात्रीत सगळं हलवायचं नाही. जुना-नवा दोन्ही सर्व्हर एकाच प्रिंटरला जॉब पाठवू शकतात, एकाचा चालू असताना दुसऱ्याचा थांबतो एवढंच. त्यामुळे आधी ऑफिसातले लेझर हलवा, आणि डॉट मॅट्रिक्स बिलं वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे हाताशी आठ-नऊ दिवस राहतात. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारी कप्स-ब्राउझ्ड नावाची सर्व्हिस चालू असेल तर बंद करा, तुमच्या क्यू ठरलेल्या आहेत, तिची गरज नाही आणि २०२४ मध्ये तिच्यात सुरक्षेची मोठी भगदाडं सापडली होती.

प्रश्न : कप्सवरून लेझरला मराठी टेक्स्ट फाईल दिली की वेलांट्या सुट्या पडतात, जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट बदलून पाहिले, तेच.
– एक वाचक, पुणे

उत्तर : फॉन्टचा दोष नाही. टेक्स्टची पीडीएफ करणारा कप्सचा फिल्टर अक्षरं एकामागून एक नुसती मांडत जातो, देवनागरी जुळवत नाही. पॅप्स नावाचा प्रोग्राम टाका, तो पँगो (अक्षरं मांडणारी लायब्ररी) वापरतो आणि जोडाक्षरं बरोबर जुळवतो, फाईल आधी त्यातून काढा आणि मग एलपीला द्या, सर्व्हरवर लोहित किंवा नोटो यातला एखादा देवनागरी फॉन्ट मात्र असायला हवा.