टॉवेलच्या धंद्यात शिरायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न : मी सोलापूरचा, बारावी सायन्स झालोय. टॉवेल-चादरीच्या धंद्यात करिअर करायचं आहे. डिग्री घेऊ की थेट कारखान्यात जाऊ?

उत्तर : डिग्री घ्यायची तर इचलकरंजीचं डीकेटीई किंवा मुंबईचं व्हीजेटीआय पाहा. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो. पण कोर्स कुठलाही असो, सुट्ट्यांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात जॉबरच्या, म्हणजे माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली राहाच. माग बिघडला की मालक आधी त्यालाच हाक मारतो.

टेरी, म्हणजे लूपवाल्या, टॉवेलपासून सुरुवात करा. मागावर ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात : एक घट्ट, पायाच्या कापडाचा, दुसरा सैल, लूपचा. नेहमीच्या तीन-पिकी विणीत (पिक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा) पहिले दोन बाण्याचे धागे फणी, म्हणजे धागे ठोकून बसवणारी कंगव्यासारखी पट्टी, थोडे मागेच सोडते, तिसऱ्याला पूर्ण ठोका देते. तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. लूपच्या बीमवर ताण जास्त पडला की लूप बुटके होतात, वजन घटतं, माल परत येतो.

वजन तपासणं सोपं आहे. १० बाय १० सेंमीचा तुकडा कापून तोला, ४.५ ग्रॅम भरला तर ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम.

रंगाई मात्र चिकाटीचं काम. रिॲक्टिव्ह रंगाला (सुती धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा रंग) मीठ आणि सोडा लागतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नंतरची गरम साबण-धुलाई घाईघाईत उरकली की न बसलेला रंग आत राहतो आणि गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो.