बडोद्यात मराठीतून चालणारी एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची) मीटिंग कुठे मिळेल? धाकटा भाऊ म्हणतो, गुजराती-हिंदी गटात मी जाणार नाही. मी त्याची बहीण.

ताई, भावाची अट वाचली आणि २०१२ सालचा मीच डोळ्यांसमोर आलो. मीही घरी हेच सांगितलं होतं, "मराठीत असेल तर येतो." बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आणायला गुजराती चालते, सोडायला तेवढी मराठी लागते होय?"

मी गप्प. जन्म दांडिया बाजारातला, शाळा मराठी, पण बुटलेगरशी, म्हणजे चोरून दारू विकणाऱ्याशी, उधारीचा हिशोब अस्सल गुजरातीत करायचो, वर घासाघीसही. तुमचा भाऊही तेच करत असणार. तेव्हा खास मराठी गट हुडकत बसू नका. ती अट म्हणजे न जाण्याची सोय आहे. मी त्या सोयीवर आठ महिने काढले. गटात ज्याला जी भाषा येते त्या भाषेत तो बोलतो. मी पहिल्यांदा बोललो ते अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि सगळ्यांना कळलं.

पहिल्या दिवशीचं सांगतो. बायकोनेच फोन करून पत्ता काढला होता. एका चर्चच्या आवारातली खोली, संध्याकाळची वेळ. मी आत गेलो नाही, समोरच्या पानाच्या गल्ल्यावर उभा राहिलो. आमच्या दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, डोक्यात भरवलं होतं की तिथे बाटवतात, आणि वर रजिस्टरमध्ये नाव गेलं की पोलीस दारात. तासभर मसाला चघळत उभा होतो. तेवढ्यात माझी स्कूटर दुरुस्त करणारा गॅरेजवाला आतून बाहेर आला. त्याने मला पाहिलं. म्हटलं, मेलो, आता गावभर होणार. तो रस्ता ओलांडून आला आणि एवढंच बोलला, "अंदर आवो, चा ठरी जशे." आत या, चहा गार होईल.

आत ना रजिस्टर, ना फी. आडनावसुद्धा कोणी विचारलं नाही. शेवटी एक डबा फिरला, त्यात कोणी दहा रुपये टाकले, कोणी काहीच नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं, दुसरी अट नाही. आणि बाटवण्याचं म्हणाल, तर १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांच्या आधाराने सुधारले, तिथून हे सुरू झालं. दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर आहे, पण 'आपल्याला उमगेल तसा'. मी आमचा दत्त धरला. शेजारच्या खुर्चीतला काहीच धरत नाही, त्याचीही सुटली आहे.

दादाला हे आजही पटत नाही. त्याचं एकच पालुपद: गुजरातमध्ये दारूबंदी, आपल्या घरात बेवडा येईलच कुठून? कायदा १९४९ चा, मुंबई राज्यापासूनचा. त्याने दारू थांबली नाही, फक्त दाराआड गेली. घरातले पोलिसांना भितात, लोकांना भितात, आणि पिणारा त्या भीतीच्या आडोशाने निवांत पितो. दादा नातेवाइकांना सांगायचा, पित्त आहे त्याला. आता सांगतो, मनाच्या जोरावर सोडली. अरे, मनाचा जोर आठ वर्षं लावून झाला होता! गणपतीचे दहा दिवस थेंब नाही, आणि विसर्जनाच्या रात्री सुरसागरवरून घरी न येता थेट बुटलेगरकडे. तुमच्या घरात जो कोणी 'मन घट्ट कर' म्हणतो, त्याला आधी गप्प बसवा.

बाकी तुम्ही विचारलेलं. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर आणि हेल्पलाइनवर गावातल्या गटांची माहिती मिळते. खोली, वार, वेळ बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन कराच. व्यसनमुक्तीची सरकारी टोल-फ्री लाइन १४४४६ आहे, उपचार कुठे मिळतील ते तिथे विचारा. त्याच्यासोबत जायचं असेल तर 'ओपन' मीटिंग कधी आहे ते विचारून घ्या, 'क्लोज्ड'मध्ये फक्त पिणारे बसतात. तुमच्यासाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळं आहे, तो आला नाही तरी तुम्ही जा. आणि मराठीचा हट्ट सुटतच नसेल तर महाराष्ट्रातले गट ऑनलाइन मराठीत मीटिंग घेतात, मोबाइल हातात द्या. मग पुढचं कारण काय काढतो बघा.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. तो सकाळपासून पीत असेल, न घेतल्यावर हात थरथरत असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभागही चालेल. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. शिवाय सगळ्यांचीच मीटिंगने सुटते असंही नाही, आमच्यातले दोघे-तिघे परत गेले.

गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात दादा व्याह्यांशी माझी ओळख करून देत होता, "हा आमचा धाकटा. अगदी निर्व्यसनी, पहिल्यापासून." मी म्हटलं, "पहिल्यापासून नाही, २०१३ पासून." व्याही हसले. दादा मठ्ठा आला का बघायला निघून गेला.