‘आधारपेशी’ नेमके काय करतात, आणि मेरुरज्जू का भरून येत नाही

पुस्तकात चेतासंस्थेतील ग्लिया पेशींची ‘आधार देणाऱ्या पेशी’ अशी एका ओळीत बोळवण केलेली असताना त्यांचे इतके प्रकार कशासाठी, आणि मनगटाची तुटलेली नस जुळते तसा मेरुरज्जू का जुळत नाही, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. (नस म्हणजे येथे चेता, रक्तवाहिनी नव्हे.) माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच दडलेले आहे.

‘ग्लिया’ म्हणजे ग्रीक भाषेत सरस, म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो यांनी या पेशींना चेतापेशींमधला सरस मानले आणि ते नाव चिकटले. ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हे विधानही आता सोडून द्यावे. मानवी मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असून इतर पेशीही साधारण तितक्याच भरतात.

ग्लियांपैकी तारकापेशी चेतासंधीभोवतीचे (चेतापेशींमधील जोडाभोवतीचे) जादा पोटॅशियम आणि ग्लुटामेट उचलून घेतात, मायक्रोग्लिया मृत पेशींचा निचरा करतात, तर एपेंडायमल पेशी मेंदूतील पोकळ्यांना अस्तर पुरवतात. खरी मेख मात्र मायलिनमध्ये, म्हणजे अक्षतंतूंभोवतीच्या (चेतापेशींच्या लांब तंतूंभोवतीच्या) वेष्टनात आहे. मेंदू व मेरुरज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट ही ग्लिया पेशी तयार करते आणि एकच पेशी कित्येक अक्षतंतूंचे तुकडे गुंडाळते. हातापायांच्या चेतांमध्ये श्वान (Schwann) पेशी ही दुसरी ग्लिया पेशी एकाच तंतूच्या एकाच तुकड्याला वेढून बसते.

मनगटाशी चेता तुटली की पुढच्या भागातील श्वान पेशी जुने मायलिन साफ करू लागतात, वाढीस पोषक द्रव्ये सोडतात आणि रांगेने उभ्या राहून नव्या तंतूला वाट आखून देतात. शल्यचिकित्सकाने टोके नीट जुळवली असतील, तर तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणूनच तपासताना चेतेच्या मार्गावर बोटाने हलकेच ठोकत जातात. ज्या जागी मुंग्या येतात, तेथपर्यंत तंतू पोचले असे समजतात. ऑलिगोडेंड्रोसाइट असे काही करत नाहीत, उलट त्यांच्या मायलिनचे अवशेष दीर्घकाळ पडून राहतात आणि त्यांतील नोगोसारखी प्रथिने तंतूची वाढ रोखतात. इजेच्या जागी तयार होणारा तारकापेशींचा व्रणही (वण) आड येतो, पण तो इजा पसरू देत नाही, त्यामुळे त्याला निव्वळ खलनायक ठरवणे मला पटत नाही.

2025 च्या आरंभी पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले होते, ते आपल्याला आठवत असेल. त्या आजाराच्या एका प्रमुख प्रकारात रोगप्रतिकारशक्ती श्वान पेशींच्या मायलिनवरच हल्ला करते. अक्षतंतू शाबूत राहिला, तर या पेशी पुन्हा वेटोळी घालतात आणि रुग्णाच्या पायांत हळूहळू बळ परत येते.