पाच मिशनरी मारले गेले, पुढे काय झालं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी आमच्या चर्चमधे रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते. इक्वेडोरच्या जंगलात १९५६ साली पाच मिशनरी भाल्यांनी मारले गेले ती गोष्ट मी दरवर्षी सांगते, मुलं अगदी गप्प बसून ऐकतात. यावेळी एका मुलीने विचारलं, मिस, त्या जंगलातल्या लोकांचं पुढे काय झालं, ते अजून आहेत का? मला काही सांगताच आलं नाही. आणि मिशनऱ्यांकडे बंदुका असून त्यांनी चालवल्या नाहीत हे खरं का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: ताई, त्या मुलीने लाखातला प्रश्न विचारलाय. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी नदीकाठी संपते, पाच मृतदेह आणि मोडलेलं विमान. खरं तर तिथून ती सुरू होते.

आधी नाव. त्या लोकांना तेव्हा सगळे 'आउका' म्हणायचे, शेजारच्या किचुआ भाषेत त्याचा अर्थ रानटी. ते स्वतःला वाओरानी म्हणतात, तुम्हीही मुलांना तेच नाव सांगा. तेव्हा ते जेमतेम पाचशे होते, चार गटांत विभागलेले आणि एकमेकांचे वैरी. एका खुनाचा बदला म्हणून दुसरा, त्याचा बदला तिसरा असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या वंशावळी लिहून काढल्या तेव्हा दिसलं की दहातली चार माणसं तरी आपसातल्या भाल्यांनीच मेली होती. आणि बाहेरचा माणूस म्हणजे 'कोवोदी', तो माणसं खातो अशी त्यांची पक्की समजूत. जंगलातलं रबर गोळा करायला आलेल्या व्यापाऱ्यांनी त्या भागातल्या लोकांना गुलाम केलं, मारलं होतं, ते बघता ही भीती उगाच नव्हती.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. नेट सेंट हा त्या पाचांतला पायलट. त्याने युक्ती काढली होती, पिवळं छोटं विमान गोल गोल घिरट्या घालत ठेवायचं आणि मागे लांब दोर सोडून टोकाला बादली बांधायची. घिरट्या चालू राहिल्या की दोराचं टोक वर्तुळाच्या मधोमध येतं आणि बादली खाली जवळजवळ एका जागी लटकत राहते, कुणीही हात घालून वस्तू काढून घ्यावी. ऑक्टोबर १९५५ मधे पहिली भेट गेली, फिती बांधलेली अल्युमिनियमची किटली, आत बटणं आणि मीठ. मग कोयते, कपडे. काही आठवड्यांनी खालून दोराला उलट वस्तू बांधून यायला लागल्या, पिसांचा मुकुट आला, आणि एकदा तर टोपलीत जिवंत पोपट आला, सोबत वाटेत खायला अर्धवट टोचलेलं केळं! ज्या लोकांना जग रानटी म्हणत होतं त्यांनी पोपटाच्या प्रवासाची भूक लक्षात ठेवली होती, मला हे वाचून दरवेळी गलबलून येतं.

जानेवारी १९५६ मधे पाचही जण क्युरारे नदीच्या वाळूवर उतरले. ६ तारखेला एक पुरुष आणि दोन बायका भेटायला आल्या, त्या पुरुषाने विमानात फेरीसुद्धा मारली. ८ तारखेला दुपारी साडेचारला रेडिओवर बोलायचं ठरलेलं, आवाज आलाच नाही. नेटचं घड्याळ नंतर सापडलं, ३ वाजून १२ मिनिटांवर बंद पडलेलं. बंदुका होत्या, पण वाओरानींवर रोखून चालवायच्या नाहीत असं आधीच ठरलं होतं, म्हणजे तुम्ही सांगता ते बऱ्याच अंशी बरोबर, फक्त झटापटीत काही गोळ्या सुटल्या होत्या असं वाओरानींनी पुढे सांगितलं. हल्ला का झाला तर वाओरानींनी पुढे सांगितलं ते असं, की तो पुरुष आणि त्यातली तरुण मुलगी कुणा मोठ्याशिवाय दोघंच परतले, घरचे भडकले, आणि स्वतःवरचा राग टाळायला त्याने सांगितलं की परक्यांनीच आमच्यावर हल्ला केला. म्हणजे देवाधर्माचा प्रश्न नव्हताच, घरातलं भांडण होतं.

मग बायका. नेटची बहीण रेचल आधीपासूनच डायूमा नावाच्या वाओरानी बाईकडून भाषा शिकत होती, डायूमा लहानपणी खुनाखुनीतून पळून बाहेर आलेली. १९५८ मधे डायूमा आधी स्वतः परत गेली आणि तिच्या माणसांचं बोलावणं घेऊन आली. मग रेचल, मारल्या गेलेल्या पाचांतल्या जिम एलियटची विधवा एलिझाबेथ आणि तिची तीन वर्षांची मुलगी, त्याच लोकांत राहायला गेल्या ज्यांनी यांचा भाऊ आणि नवरा मारला होता. झावळ्यांच्या घरात झोळीत झोपणं, कसावाचा कंद (ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच) आणि भाषा अशी की जगात कुठल्याच भाषेशी नातं नाही, त्यामुळे एकेक शब्द कानाने टिपायचा. मारणारे हळूहळू भाले टाकत गेले. माझ्या मते याचं अर्धं श्रेय डायूमाला जातं आणि तिचं नाव मात्र कुणी घेत नाही.

पण ताई, पुढचंही सांगायलाच हवं. १९६०च्या दशकाअखेर तिथे तेल सापडलं, आणि विखुरलेल्या गटांना मिशनच्या छोट्या राखीव पट्ट्यात आणून वसवलं, मूळ मुलखाच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. त्यामुळे खून थांबायला मदत झाली, हे खरं. त्यामुळे तेल कंपन्यांना जमीन मोकळी मिळाली, हेही तितकंच खरं. आणि एवढी माणसं एका ठिकाणी आल्यावर १९६९ मधे पोलिओची साथ आली, १६ जण गेले. लस न टोचता माणसं गोळा करणं ही चूकच होती, आणि चांगल्या हेतूने झाली म्हणून ती लहान होत नाही.

आता ते आहेत का? आहेत, काही हजार आहेत. काही नातलग गट आजही बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवता आत जंगलात राहतात. मिशनच्या शाळेत शिकलेली नेमोंते नेनकिमो २०१९ मधे आपल्या लोकांना घेऊन कोर्टात गेली आणि जिंकली, सुमारे दोन लाख हेक्टर जंगल तेलापासून वाचलं.

पुढच्या रविवारी मुलांना पोपट आणि केळ्यापासून सुरुवात करून सांगा, आणि त्या मुलीला नकाशात क्युरारे नदी शोधायला लावा.