आभार मानायचे तर नाव घेऊन

आपण मंडळात नवीन आहात, म्हणून रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांचे आभार कसे मानावेत ते सांगतो. 12 मे रोजी, परिचारिका दिनाला, गुलाब वाटून छायाचित्र काढण्याची घाई करू नये. रात्रपाळीची परिचारिका तेव्हा घरी झोपलेली असते आणि बेडपॅन उचलणाऱ्या मावशींकडे कोणाचे लक्षही जात नाही. त्यापेक्षा ‘आपण रात्रभर दर दोन तासांनी आईची कूस बदललीत, म्हणून तिच्या पाठीला जखम झाली नाही’ असे नावानिशी पत्र लिहावे आणि त्याची एक प्रत अधिसेविकांना (परिचारिकांच्या प्रमुखांना) द्यावी. पैसे मुळीच देऊ नयेत. खाऊ न्यायचाच असेल, तर आपली सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्यावी; ती पाळीत केव्हाही खाता येते (पेढ्यांचा मात्र सगळ्यांनाच कंटाळा आलेला असतो). घरी सासऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला शालीपेक्षा दोन तासांची सुट्टी मिळवून द्यावी. तेवढा वेळ आपण स्वतः रुग्णाजवळ बसावे.