व्हिजन बोर्ड की एपिक्टेटस?

प्रश्न : ताई, मी वर्षभर व्हिजन बोर्ड (स्वप्नांची चित्रं चिकटवलेला फळा) लावलाय भिंतीवर, रोज सकाळी अ‍ॅफर्मेशन्स, म्हणजे 'मला हे जमणारच' अशी वाक्यं पण म्हणते, पण प्रमोशन दोनदा हुकलं. भाऊ म्हणतो हे सोड, स्टोइक लोकांना, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांना वाच. नक्की फरक काय?

उत्तर : अगं, फरक सकाळपासूनच सुरू होतो. तुझा बोर्ड सांगतो की सगळं छान होणार, आणि स्टोइक मार्कस ऑरेलियस, जो इ.स. 161 ते 180 रोमचा सम्राट होता, तो स्वतःच्या टिपणात लिहितो की आज मला आगाऊ, कृतघ्न, मत्सरी माणसं भेटणार! दुसरा स्टोइक एपिक्टेटस तर जन्माने गुलाम, त्याचं उदाहरण मला फार आवडतं. तो म्हणतो सार्वजनिक स्नानगृहात निघालास ना, मग आधीच डोळ्यासमोर आण, कोणी पाणी उडवेल, कोणी धक्का देईल, कोणी शिव्या घालेल, कोणी चोरी करेल, म्हणजे तिथे गेल्यावर डोकं फिरणार नाही. (आपली सकाळची लोकल आठवली ना?)

प्रमोशन बॉसच्या हातात, तयारी तुझ्या हातात, एवढीच एपिक्टेटसची वाटणी. आणि हे काही फक्त जुनंपुराणं नाही हं, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1950च्या दशकात जी थेरपी काढली तिच्यात एपिक्टेटसचा हा विचार आहे की घटनेपेक्षा तिच्याबद्दलचं आपलं मत जास्त छळतं.

बोर्ड राहू दे भिंतीवर, पण बाजूला एक कागद लाव आणि त्यावर लिही, यंदाही नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय करणार.