स्वतः शोधायचं, की शिकवायचं?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. नव्या शाळेत विज्ञान शिकवत नाहीत, ‘स्वतः शोधा’ म्हणतात. पाया कच्चा राहील का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, नुसतं ‘शोधा’ म्हणून सोडून दिलं तर राहील. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागातल्या सरकारी शाळांत १९७२ ते २००२ मुलं प्रयोगांतूनच विज्ञान शिकली. पण तिथे प्रश्न क्रमाने मांडलेले होते, शिक्षकांना प्रशिक्षण होतं. मी लंबकासाठी दोरा आणि लोखंडी नट मुलांच्याच हाती देते. एकाऐवजी दोन नट एकाच जागी बांधले तरी झोक्याची वेळ तीच राहते, दोरा लांबवला की वाढते. हे त्यांनी स्वतः पाहायलाच हवं! मात्र दहा झोक्यांची वेळ मोजून तिला दहाने भागायचं कसं, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे मी आधी फळ्यावर समजावते. शाळेत तेवढं करतात का, ते विचारा.